मढईचा परवाना आणि 'आपलीच माणसं'

ऑगस्टमध्ये पचमढीला जायचं ठरलं ते धबधब्यांसाठी. जाता जाता सातपुडा व्याघ्र प्रकल्पातल्या मढईला जंगल सफारी करू, असं ह्यांनी सुचवलं. नेटवर एका रिसॉर्टचा नंबर मिळाला. फोनवरच्या माणसाने माझं आडनाव ऐकलं आणि हिंदी सोडून मराठीत सुरू झाला. "काकू, इंदूरच्या ना? लोकमान्य नगरात माझी आत्या राहते. आपलीच माणसं!" इंदुरात कुणी असं मराठीत बोललं की आपण लगेच विरघळतो. मीही विरघळले.

दोन खोल्या आणि कोअरमधली, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागातली जिप्सी सफारी, सहा जणांचे 18,500 रुपये क्यूआर कोडवर भरले. स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "वहिनीचं खातं आहे." तिथेच हात आवरायला हवा होता.

पहाटे निघून भोपाळ, नर्मदापुरम करत सोहागपूरहून मढईला वळलो. रिसॉर्ट खरंच होतं, पण आमच्या नावाची नोंद नव्हती आणि तो नंबरही त्यांचा नव्हता. तरी त्याने पाठवलेला सफारीचा परवाना तर आहे म्हणून देनवा नदीकाठी गेटवर गेलो. वनरक्षकाने कागद उलटसुलट करून पाहिला. "इसमें तो किसी का आईडी नंबर ही नहीं है," तो म्हणाला. खऱ्या परवान्यावर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. आणि मुळात 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर बंदच असतं! मध्य प्रदेशातल्या सगळ्या व्याघ्र प्रकल्पांचा हा दरवर्षीचा नियम, आणि आम्ही इथेच जन्मलेली माणसं. सासूबाई दुर्बीण गळ्यात अडकवून गाडीत बसल्या होत्या. त्यांना सांगताना माझा आवाज फुटेना.

पचमढीला बायसन लॉजच्या खिडकीवर प्रवेशाचे पैसे भरले, पावती घेतली, मग पुढे गेलो. बी फॉल भरून वाहत होता, पण मन लागलं नाही.

सफारीचं बुकिंग वनविभागाच्या अधिकृत पोर्टलवरच करा. रिसॉर्टला त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरवर उलट फोन लावा. पैसे गेले तर त्याच घटकेला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते. आम्ही तीन आठवड्यांनी कळवलं, तोवर खातं रिकामं झालं होतं.

परवा माझ्या भावाने दुसऱ्या फोनवरून तोच नंबर लावला. "दादा, आपलीच माणसं," पलीकडचा तोच माणूस म्हणाला, आणि सप्टेंबरमधली कोअर सफारी कन्फर्म करून द्यायला तयार झाला.