दादरमध्ये खायचं तर घाणा बघून मागा

दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की शिवसेना भवनापर्यंत चालत जेमतेम पंधरा मिनिटं लागतात. मराठी फराळाची इतकी ठिकाणं एवढ्याशा अंतरात मुंबईत दुसरीकडे क्वचितच सापडतील. कुठे काय खावं याच्या याद्याही भरपूर फिरतात : प्रकाशचा साबुदाणा वडा, आस्वादची मिसळ, मामा काण्यांचा बटाटावडा. नावं अगदी बरोबर आहेत, पण त्यांच्यापुढे वेळ लिहिलेली नसते, आणि या उपाहारगृहांत अर्धी चव वेळेवर ठरते. स्वयंपाकघरं लहान, कढया एक किंवा दोन, आणि माल निघतो तो घाण्याघाण्याने. घाणा निघाल्यावर पाच मिनिटांत ताटलीत आलेला वडा आणि अर्धा तास परातीत बसलेला वडा हे दोन वेगळे पदार्थ आहेत. म्हणून टेबलावर बसल्यावर मेनूकार्ड उघडण्याआधी वाढप्याला एकच प्रश्न विचारा : "दादा, आत्ता गरम काय निघतंय?" उत्तर सहसा प्रामाणिक मिळतं, कारण गरम माल लवकर संपावा हे त्यांच्याही सोयीचं असतं.

हे सगळ्यात जास्त लागू होतं साबुदाणा वड्याला. गोखले रोडवरचं प्रकाश शाकाहारी उपाहार केंद्र या वड्यासाठी ओळखलं जातं आणि ते नाव कमावलेलं आहे. चांगला वडा कसा ओळखायचा? बाहेरचं कवच बोटाने दाबलं तर कुरकुरत तुटायला हवं. आत दाणे वेगळे दिसायला हवेत, पण मधे पांढरा कच्चा ठिपका नको. शेंगदाण्याचा कूट जाडसर हवा. पूड केली की तेल सुटतं आणि वडा जड होतो. बटाटा फक्त बांधण्यापुरता असतो. घरच्या मापाने सांगायचं तर एक वाटी साबुदाण्याला दोन मध्यम बटाटे आणि अर्धी वाटी कूट. बटाटा याच्या वर गेला की साबुदाणा वड्याचा बटाटावडा होतो, आणि तसं करणारी ठिकाणं आहेत, कारण बटाट्याने वडा लवकर वळतो आणि फुटत नाही.

वडा फुटतो तो बहुतेक वेळा भिजवण्यात चुकल्यामुळे. साबुदाणा धुऊन त्याच्या पातळीच्या जेमतेम वर येईल इतकंच पाणी ठेवून चार-पाच तास भिजवावा लागतो. दाणा दोन बोटांत दाबला की पूर्ण चुरडला पाहिजे. मधला कण कडक राहिला तर तेलात त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि वडा उडतो. पाणी जास्त झालं तर गोळा चिकट होतो, तेल पितो आणि आतून पिठूळ राहतो. तेल थंड असलं तरी हेच होतं. फार तापलं असेल तर वडा दोन मिनिटांत तांबूस दिसतो, पण तोडल्यावर आत गिच्च. जाणकार आचारी वडा गोल ठेवत नाहीत, तळहातावर किंचित चपटा करतात, म्हणजे आच मध्यापर्यंत पोचते. ताटलीत चेंडूसारखा गोल वडा आला तर आधी तो मधोमध तोडून बघा.

गार साबुदाणा वडा पुन्हा तळून पहिल्यासारखा होत नाही. साबुदाण्यातला स्टार्च गार होताना घट्ट बसतो, वडा चिवट होतो, आणि दुसऱ्यांदा तळला की वरचं कवच काळपट आणि आत रबर. म्हणून हा पदार्थ पार्सल नेऊ नये. एका प्लेटमध्ये सहसा दोन वडे असतात. दोघांत एक प्लेट मागवा, संपली की दुसरी मागवा. एकदम दोन मागवल्या तर दुसरी गार होते.

वड्यानंतर पियुष. दह्याचा चक्का किंवा श्रीखंड ताकात घुसळून केलेलं हे पेय. त्यात साखर, जायफळ, वेलची, केशर, थोडी चारोळी. दादरला ते दाट देतात, जवळजवळ पातळ श्रीखंडच. पहिल्या घोटात आंबट आणि गोड दोन्ही एकत्र लागले पाहिजेत. नुसतं गोड लागलं तर आंबटपणा साखरेखाली दडपलाय. जिभेवर रवाळ लागलं तर चक्का नीट फेटलेला नाही. रंग भडक पिवळा असेल तर तो केशराचा नव्हे. केशराचा रंग फिका असतो आणि त्याच्या काड्या दिसतात. जायफळ जास्त झालं की कडवट चव मागे राहते, ते प्रमाण सांभाळणं सगळ्यात अवघड. एक ग्लास दोघांना पुरतो. मिसळीच्या आधी पियुष घेऊ नका, तोंड गोड होऊन रश्श्याची चवच कळत नाही.

मिसळीसाठी गडकरी चौकातलं, शिवसेना भवनासमोरचं आस्वाद. १९८६ पासूनचं हे उपाहारगृह. २०१५ साली लंडनमध्ये जाहीर झालेल्या फूडी हब पुरस्कारांत इथल्या मिसळीला जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरवलं गेलं, आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी दाराबाहेर नावं लिहून उभं राहावं लागतं. कोल्हापूरहून किंवा नाशिकहून आलेली मंडळी इथे एक चुकीची अपेक्षा घेऊन येतात. कोल्हापुरात वरून ओततात तो कट, पुण्यात त्याला सँपल म्हणतात, नागपूरकडे तर्री. या सगळ्यांत वर तरंगणारं लाल तेल आणि नाकातून पाणी काढणारा तिखटपणा हीच ओळख. दादरची मिसळ त्या जातीची नाही. इथे उसळ मुख्य आहे, रस्सा मध्यम तिखट, आणि गोडा मसाला, ओलं खोबरं, चिमूटभर गूळ हा घरगुती वळणाचा स्वाद. झणका हवा असेल तर ही मिसळ सपक वाटेल. मटकीची चव कळायला हवी असेल तर मात्र हीच खावी.

मिसळ मागताना फरसाण वेगळं मागा. बहुतेक ठिकाणी देतात. एकत्र आलेली मिसळ तीन-चार मिनिटांत मऊ पडते, कारण फरसाणातली शेव रस्सा शोषून घेते आणि मग ताटलीत लगदा उरतो. फरसाण थोडं थोडं घालत खाल्लं तर शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहतं. लिंबू आधी पिळू नका. अर्धी मिसळ झाल्यावर पिळा, म्हणजे रश्श्याची मूळ चव आधी कळते. पाव गरम आहे का ते हात लावून बघा. लादी पाव सकाळी ताजा येतो, दुपारपर्यंत कोरडा पडतो, म्हणून मिसळीची खरी वेळ आठ ते साडेदहा. त्यानंतर रस्साही उकळत राहून दाट आणि खारट होत जातो. चांगल्या ठिकाणी त्यात पाणी घालून मीठ-मसाला पुन्हा जुळवतात. घाईच्या ठिकाणी फक्त पाणी घालतात.

थालीपीठ मागितल्यावर किती मिनिटांत येतं ते बघा. भाजणी भिजवून, थापून, मधे भोकं पाडून, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजायला आठ-दहा मिनिटं लागतात. तीन मिनिटांत आलं तर ते आधीच भाजून ठेवलेलं आहे. खरी भाजणी म्हणजे ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरे वेगवेगळे भाजून दळलेलं पीठ. भाजणं कमी पडलं की थालीपीठ चिकट आणि कच्चट लागतं. गव्हाचं पीठ किंवा बेसन मिसळून काम चालवलं असेल तर ते पोळीसारखं मऊ राहतं, कडा करकरीत होत नाहीत. सोबत लोणी मागा आणि ते गरम थालिपिठावर वितळू द्या. कोथिंबीर वडीबद्दल एवढंच की बेसन कमी आणि कोथिंबीर जास्त असेल तर कापलेली बाजू हिरवी दिसते. पिवळी दिसली तर दुसरं काही मागवा. अळूवडीने घशाला खाज आली तर चिंच कमी पडलीय किंवा वाफवणं अपुरं राहिलंय.

या सगळ्यांत सर्वांत कष्टाचा पदार्थ आहे डाळिंब्यांची उसळ, आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष सगळ्यात कमी. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. वाल भिजत घातल्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उसळ ताटात येते. शिजवतानाही लक्ष द्यावं लागतं : जरा जास्त शिजली की दाणे फुटून वरण होतं, जरा कमी शिजली की दाताखाली कचकचतं. दाणा अख्खा दिसावा आणि जिभेने दाबला तर विरघळावा. गूळ आणि आमसूल यांनी वालाचा कडवटपणा झाकू नये, फक्त मऊ करावा. एवढ्या खटपटीमुळे ती थोडीच केली जाते, म्हणून दुपारी बारा ते एकच्या दरम्यान जाऊन आधी हीच मागा. दीड वाजता "संपली" हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. आवडती ठिकाणं निवडताना हाच निकष लावावा असं माझं ठाम मत आहे. जिथे अजून वाल सोलले जातात, तिथल्या स्वयंपाकघरावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

संध्याकाळी चार ते सात ही बटाटावड्याची वेळ, आणि तो स्टेशनच्या बाजूला. वडापावची सुरुवात इथलीच मानली जाते : १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनबाहेर गाडी लावली. आज बसून खायचं असेल तर स्टेशनजवळचं मामा काणे यांचं शतक ओलांडलेलं स्वच्छ उपाहारगृह आहे. उभ्याने खायचा असेल तर छबिलदास शाळेच्या गल्लीतला श्रीकृष्ण. थोडं चालायची तयारी असेल तर प्रभादेवीच्या दिशेला कीर्ती कॉलेजजवळचा अशोक, जिथे वड्याबरोबर बेसनाच्या कुरकुरीत थेंबांचा चुरा देतात. वडा तोडल्यावर आवरण पातळ आणि सारण मोकळं दिसायला हवं. आवरण जाड आणि फुगलेलं असेल तर पिठात सोडा जास्त पडलाय, आणि असा वडा कागदावर तेलाचा डाग सोडतो. लसणाची सुकी चटणी आधी थोडी चाखा, मग पावात भरायला सांगा. प्रत्येकाकडे तिचा तिखटपणा वेगळा असतो.

जागेचा प्रश्न सगळीकडे आहे. टेबलं वाटून घ्यावी लागतात, त्यात संकोच करू नका. रिकाम्या खुर्चीसमोर कुणी बसलं असेल तर "इथे कुणी येणार आहे का?" एवढं विचारून बसावं. एकटे किंवा दोघे असाल तर लवकर जागा मिळते, पाच-सहा जणांनी एकाच टेबलाचा हट्ट धरला तर अर्धा तास सहज जातो. खाऊन झाल्यावर गप्पा मारायला शिवाजी पार्कचा कट्टा जवळच आहे. गर्दीच्या वेळी बसल्याबसल्या सगळं एकदम सांगू नका, दोन-दोन पदार्थ सांगा. नाहीतर चारही प्लेटा एकत्र येतात आणि तीन गार होतात.

उपासाचे दिवस लक्षात ठेवा. आषाढी एकादशी, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, नवरात्र या दिवशी साबुदाण्याचे घाणे सतत निघत असतात, म्हणून वडा आणि खिचडी खायला याहून चांगला मुहूर्त नाही. रांग मात्र धरावी लागते. त्या दिवशी मिसळीच्या वाटेला जाऊ नका, स्वयंपाकघराचं लक्ष तिच्याकडे नसतं. उपास कडक पाळत असाल तर साबुदाण्याची कढई वेगळी आहे का ते स्पष्ट विचारा, कारण त्याच तेलात बटाटावडे तळले जात असतील तर त्यात बेसन उतरलेलं असतं.

मंगळवारी सिद्धिविनायकाला जाणाऱ्यांमुळे या भागात उकडीच्या मोदकांना मागणी असते आणि ते ताजे मिळण्याची शक्यता वाढते. मोदक वाफाळता असेल तरच घ्या. पारी पातळ हवी, पाकळ्या टोकापर्यंत मिटलेल्या हव्यात, आणि सारणातला गूळ बाहेर झिरपलेला नको. गार झालेल्या मोदकाची पारी कडक होऊन तडकते. घरी न्यायचाच असेल तर खाण्याआधी पाच मिनिटं वाफेवर ठेवा आणि वरून साजूक तूप सोडा; मायक्रोवेव्हमध्ये पारी आणखी कडक होते. पियुष पार्सल नेलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. मिसळ न्यायची असेल तर उसळ, रस्सा आणि फरसाण तीन वेगळ्या पुड्यांत बांधून मागा, आणि पाव त्यांच्याकडून न घेता घराजवळच्या बेकरीतून ताजा घ्या.