भाषा येत नाही, एकटीनेच जायचंय: टोकियो, सेऊल, इस्तंबूल की हनोई?

परदेशातल्या शहरात पहिल्यांदाच एकट्याने जायचं ठरलं की तिकीट, व्हिसा, हॉटेल हे सगळं मार्गी लागतं आणि शेवटी मन अडतं ते भाषेपाशी. "तिथे कुणाला इंग्रजी येत नाही म्हणे" हे वाक्य या चारही शहरांबद्दल ऐकायला मिळतं आणि ते बरंचसं खरंही आहे. चारही ठिकाणी एकटीने राहून आल्यावर मला एवढं पक्कं कळलंय की भाषेच्या नावाखाली आपण तीन वेगवेगळ्या अडचणी एकत्र बांधतो. पाटी वाचता न येणं, आपलं म्हणणं सांगता न येणं आणि समोरचा काय बोलतोय ते न समजणं. तुम्हाला यातल्या कशाची धास्ती जास्त वाटते, ते आधी स्वतःला विचारा. शहर त्यावरून निवडा. "इंग्रजी कुठे जास्त चालतं" एवढ्यावरच निवड केलीत तर फसायला होईल.

पाट्या आणि अक्षरं

वाचण्याच्या बाबतीत टोकियो सगळ्यात अवघड. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं आणि त्यावर कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हं. नेहमीच्या वापरातल्या कांजींची सरकारी यादीच २,१३६ चिन्हांची आहे. जाण्याआधी महिनाभर बसून हे शिकेन असं मनात आणू नका. दोन-चार चिन्हं मात्र नक्की ओळखून ठेवा. बाहेर पडण्याच्या वाटेला 'देगुची' म्हणतात. त्यातलं दुसरं चिन्ह म्हणजे साधा रिकामा चौकोन, अर्थ 'तोंड'. हाच चौकोन आत जाण्याच्या पाटीवरही असतो, म्हणून पहिलं चिन्ह नीट बघायचं.

पण टोकियोने वाचता न येणाऱ्यांची सोय फार मनापासून केली आहे. १९६४ च्या ऑलिंपिकला जगभरातून माणसं येणार आणि जपानी कुणालाच वाचता येणार नाही, म्हणून तिथल्या डिझायनरांनी खेळांची आणि सोयीसुविधांची चित्रचिन्हं पद्धतशीरपणे तयार केली. भुयारी रेल्वेच्या स्थानकांना २००४ पासून अक्षर आणि आकडा मिळाला. गिंझा लाइन म्हणजे 'जी', रंग केशरी. शिबुया १, उएनो १६, आसाकुसा १९. उएनोहून आसाकुसाला निघालात आणि पुढच्या स्थानकावर १५ दिसला, तर तुम्ही उलट्या गाडीत आहात. उतरा आणि समोरच्या बाजूची गाडी पकडा. कुणाला काही विचारायची गरजच पडत नाही.

सेऊलची गोष्ट निराळी आणि माझ्या मते सगळ्यात आनंदाची. कोरियन लिपी, म्हणजे हांगुल, राजा सेजोंगने १४४६ साली लोकांपुढे आणली, आणि सामान्य माणसाला पटकन शिकता यावी हाच तिचा हेतू होता. मूळ अक्षरं २४. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला तिची बांधणी लगेच उमगते: व्यंजनाला स्वर जोडायचा, हवं तर खाली आणखी एक व्यंजन ठेवायचं, आणि सगळं मिळून एक चौकोनी ठोकळा. छोटा चौकोन म्हणजे 'म'. नुसती उभी रेघ म्हणजे 'ई'. त्याच रेघेला उजवीकडे छोटी काडी काढली की 'आ', अगदी आपल्या कान्याची आठवण करून देणारा. मी विमानतळावरून शहरात जाणाऱ्या गाडीत कागदावर गिरवत बसले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका दुकानाच्या काचेवरचं 'खॉपी' अडखळत वाचलं आणि ती कॉफी आहे हे कळल्यावर झालेला आनंद अजून आठवतो. टॅक्सी, बस, आइस्क्रीम असे कितीतरी इंग्रजी शब्द आपण देवनागरीत लिहितो तसे ते हांगुलमध्ये लिहितात. लिपी आली की अर्धी पाटी आपोआप सुटते. चार शहरांत सेऊल हे एकच असं आहे, जिथे दोन दुपारी खर्च केल्या की अडचणीचा एक मोठा तुकडा कायमचा गळून पडतो.

इस्तंबूलमध्ये लिपी रोमन आहे, १९२८ च्या कायद्यापासून. जसं लिहितात तसंच वाचतात, फक्त दोन-तीन अक्षरांची ओळख करून घ्यायची. रोमन 'सी'चा उच्चार 'ज' होतो. त्याखाली शेपटी असली तर 'च', आणि 'एस'ला शेपटी असली तर 'श'. शिवाय मराठी माणसाला इथे एक ठेवा सापडतो. फारसी-अरबीतून जे शब्द आपल्याकडे आले, तेच तुर्कीतही गेले. 'साबुन' म्हणजे साबण, 'मेयदान' म्हणजे मैदान, 'तारिह' म्हणजे तारीख, 'जेवाप' म्हणजे जबाब. जेवण झाल्यावर बिल मागायचं तर म्हणायचं 'हेसाप'. हा आपलाच हिशेब.

हनोईतही लिपी रोमन, पण तिच्यावर विसंबू नका. व्हिएतनामी भाषेत सूर बदलला की शब्द बदलतो, आणि सूर सहा आहेत. एकाच 'मा'चे सुरागणिक भूत, गाल, परंतु, थडगं, घोडा आणि भाताचं रोप असे अर्थ होतात. मी 'फो', म्हणजे नूडल्सचं सूप, मागायला गेले आणि सूर चढवून, स्वरही थोडा चुकवून बसले. तशा उच्चारात त्याचा अर्थ 'रस्ता' होतो. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग मी शेजारच्या वाडग्याकडे बोट दाखवलं. थोडक्यात, हनोईत वाचता येतं आणि तरीही बोलता येत नाही. कागदावर लिहून दाखवा, लगेच काम होतं.

पोटापाण्याचं

एकट्या माणसाने जेवायला टोकियोसारखं शहर नाही. रामेनच्या असंख्य दुकानांत नुसतं काउंटर असतं, एकेकाची खुर्ची. दाराशीच कूपनचं यंत्र: पैसे घालायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी आत द्यायची. बटणांवर कधीकधी फक्त कांजी असते. अशा वेळी वरच्या ओळीतलं डावीकडचं पहिलं बटण दाबा, दुकानाचा मुख्य पदार्थ बहुधा तिथेच असतो. बऱ्याच हॉटेलांच्या काचेआड पदार्थांच्या हुबेहूब प्लॅस्टिक प्रतिकृती मांडलेल्या असतात. वेटरला बाहेर आणून बोट दाखवलं तरी कुणी वावगं मानत नाही.

सेऊलमध्ये एकट्याची खरी अडचण भाषेपेक्षा मोजणीची. मांस भाजून खायच्या बऱ्याच ठिकाणी कमीत कमी दोन माणसांचं जेवण घ्यावं लागतं. एका दुकानात मालकीणबाईंनी दारातच दोन बोटं वर केली. मला वाटलं 'किती जण?' असं विचारतायत, म्हणून मी एक बोट दाखवलं. त्यांनी मान हलवून पुन्हा दोन दाखवली. अपमान वगैरे काही नव्हता, नियम होता. मग मी गिंबापच्या, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या, छोट्या दुकानाकडे वळले. तिथे एकटी माणसं रोज येऊन खातात, आणि भिंतीवरची यादी तोवर मला वाचता येत होती.

इस्तंबूलच्या साध्या 'लोकांता'ला मी पैकीच्या पैकी गुण देते. कामकरी माणसांची ही खाणावळ. सगळे पदार्थ मोठ्या पातेल्यांत समोरच मांडलेले. बोट दाखवायचं, ते वाढतात. हनोईत तर पुष्कळ दुकानांत एकच पदार्थ मिळतो, मग मागायचं तरी काय? छोट्या स्टुलावर बसलं की समोर वाडगा येतो.

शाकाहारी असाल तर मात्र क्रम साफ बदलतो, आणि या एका मुद्द्यावर आख्खा बेत बदलावा असं मला वाटतं. टोकियोत भाजीच्या पदार्थातही 'दाशी' असते, म्हणजे बहुतेक वेळा सुक्या बोनिटो माशाचं पाणी. कोरियात किमचीतही बऱ्याचदा मासळीचा किंवा कोळंबीचा खारवलेला अंश असतो. 'मांस नको' म्हटलं तरी हे पानात येतंच, कारण त्यांच्या लेखी ते मांस नव्हेच. हनोईत एकच शब्द पुरतो: 'चाय'. बौद्ध परंपरेतलं शाकाहारी जेवण. पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी पुष्कळ लोक तेच जेवतात, त्यामुळे शब्द उच्चारताच लोकांना नेमकं कळतं. इस्तंबूलमध्ये 'एतसिझ', म्हणजे मांसाशिवाय. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या तिथे उत्तम मिळतात. मसूराचं सूप घेताना तेवढं विचारून घ्या, काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात करतात.

रस्ता चुकल्यावर

टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्ता म्हणजे विभाग, मग ठोकळा (रस्त्यांनी वेढलेला घरांचा गट), मग घर, असे आकडे. शिंजुकु स्थानकाला तर २०० हून अधिक दारं आहेत. भलत्या दारातून वर आलात की नकाशासुद्धा गोंधळतो. अशा वेळी कोबान शोधा, म्हणजे नाक्यावरची छोटी पोलीस चौकी. तिथे रस्ता विचारणं हे त्यांचं रोजचंच काम. मी फोनवरचा पत्ता दाखवला. तरुण पोलिसाने भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर बोट ठेवलं, एकेक ठोकळा मोजत मला तीनपर्यंत आणलं, मग हाताने डावीकडे वळण दाखवलं. आम्ही दोघं एकमेकांना कळेल असा एकही शब्द बोललो नाही.

सेऊलला जाण्याआधी नेव्हर मॅप डाउनलोड करा. देशाचा सविस्तर नकाशा बाहेर द्यायला तिथल्या सरकारचे निर्बंध असल्यामुळे गूगल मॅप्स वर्षानुवर्षे तिथे अपुरं पडत आलंय, विशेषतः पायी वाट दाखवताना. भाषांतरासाठी पापागो घ्या. आणि १३३० हा पर्यटकांचा क्रमांक फोनमध्ये ठेवा. इंग्रजीत बोलता येतं आणि गरज पडली तर ते दुभाष्याचंही काम करतात.

हनोईत ग्रॅब या ॲपवर गाडी बोलावली की ठिकाण आणि भाडं दोन्ही आधीच ठरतं, चालकाशी काही बोलावं लागत नाही. तिथला धोका नोटांचा आहे. २० हजार डाँग आणि ५ लाख डाँग, दोन्ही नोटा निळ्या. अंधुक उजेडात २५ पट पैसे हातातून जातात. मी मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवायला लागले तेव्हा कुठे जीव निवांत झाला. आकडे सांगताना ते शेवटची तीन शून्यं गाळतात हेही ध्यानात असू द्या. 'पन्नास' म्हणजे ५० हजार.

माणसं

इथे इस्तंबूलचा हात कुणी धरू शकत नाही. शहराच्या आशियाई बाजूच्या कादिकॉय भागात जायचं होतं, म्हणून बोटीच्या धक्क्यावर मी एका आजोबांना विचारलं, "कादिकॉय?" त्यांनी भुवया उंचावल्या, हनुवटी वर केली आणि जिभेने 'च्' केलं. मला वाटलं, वैतागले. तुर्कांमध्ये हा साधा 'नाही' असतो, हे मला नंतर कळलं. मी मागे फिरणार तेवढ्यात त्यांनी माझी बाही धरली आणि मला शेजारच्या धक्क्यापर्यंत नेऊन सोडलं. टोकियोत आणि सेऊलमध्ये लोक मदत करतात, पण तुम्ही विचारल्यावर. इस्तंबूलमध्ये तुम्ही उभे दिसलात की माणूस येतो.

हाच तिथला धोकाही आहे. रस्त्यात एखादा बूटपॉलिशवाला मुद्दाम ब्रश पाडतो, तुम्ही उचलून दिलात की आभाराचं पॉलिश सुरू होतं आणि मग पैसे मागितले जातात. कुणी अस्खलित इंग्रजीत ओळख काढून बारमध्ये चला म्हणतो आणि बिल अवाच्या सवा येतं. मी एक साधा नियम पाळते: मी ज्याला विचारलं त्याच्यावर भरवसा, जो आपणहून सुंदर इंग्रजीत बोलायला आला त्याला हसून नमस्कार.

दुखलंखुपलं तर

आपत्कालीन क्रमांक आधीच लिहून ठेवा. टोकियोत पोलीस ११०, रुग्णवाहिका ११९. सेऊलमध्ये ११२ आणि ११९. इस्तंबूलमध्ये सगळ्यासाठी एकच, ११२. हनोईत पोलीस ११३, रुग्णवाहिका ११५. इस्तंबूलमध्ये रात्री औषध लागलं तर कुठल्याही बंद औषधाच्या दुकानाचं दार बघा. त्या रात्री कुठलं दुकान उघडं आहे ते तिथे लावलेलं असतं. ॲलर्जी किंवा रोजचं औषध असेल तर त्याचं नाव स्थानिक भाषेत छापून पाकिटात ठेवा, फोनची बॅटरी संपली तरी ते हाताशी राहील.

मग कुठे जावं?

अनोळखी माणसाशी बोलायचंच तुम्हाला टेन्शन येत असेल तर टोकियो. दिवसभर तोंड न उघडता तिथे सगळं करता येतं. मात्र चार-पाच दिवसांनी याच गोष्टीचा एकटेपणाही येतो, मला आला होता. तयारी करायला आवडत असेल, आधी थोडा अभ्यास करून जाणाऱ्यांपैकी असाल, तर डोळे मिटून सेऊल. माणसांत मिसळायचं असेल आणि नको त्याला ठामपणे 'नाही' म्हणता येत असेल तर इस्तंबूल. शाकाहारी असाल किंवा गोंगाटाने बिचकत नसाल तर हनोई.

पहिलीच वेळ असेल आणि मला एकच नाव विचारलंत तर मी सेऊल सांगेन. बाकी तीन शहरांत भाषेची भिंत कुणीतरी दुसरं आपल्यासाठी ओलांडतं: टोकियोत यंत्रणा, इस्तंबूलमध्ये माणसं, हनोईत ॲप. सेऊलमध्ये तिचा एक भाग तुम्ही स्वतः ओलांडता. तिकीट काढल्याच्या दिवशीच त्या २४ अक्षरांचा तक्ता छापून फ्रिजवर लावा. रोज चहा होईपर्यंत चार अक्षरं गिरवलीत तरी आठवड्याभरात सगळी येतील.