सिंहस्थाची व्हीसीडी, रहाडीचा व्हिडिओ आणि व्हीएलसी प्लेअर

2003 च्या सिंहस्थात वडिलांनी मित्राच्या हँडीकॅमवर रामकुंडाचे जे चित्रीकरण केले होते, ते पुढे स्टुडिओतून व्हीसीडीवर उतरवून घेतले होते. ती व्हीसीडी नुकतीच लॅपटॉपवर घेतली, तेव्हा नावाला शेवटी ‘डॅट’ लागलेली एक फाइल हाती आली आणि संगणकासोबत आलेल्या प्लेअरने ती उघडण्यास साफ नकार दिला. त्याच आठवड्यात भाच्याने जुन्या नाशकातील रहाडीत, म्हणजे रंगपंचमीला रंगीत पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, मारलेल्या उडीचा आयफोनवरचा व्हिडिओ पाठवला. त्यात ढोल ऐकू येत होता, पण पडदा मात्र काळाच. ओळखीच्या दुकानदाराने कोडेक पॅक, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारचे व्हिडिओ उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा संच, टाकून दिला, त्याने या दोन्ही अडचणी सुटल्या नाहीतच, उलट ब्राउझरमध्ये एक नको असलेला टूलबार येऊन बसला.

अखेर तो पॅक काढून व्हीएलसी घेतला आणि दोन्ही फायली पहिल्याच क्लिकला सुरू झाल्या. डब्यावरचे नाव वाचून आतली भाजी कळत नाही, तसेच फाइलच्या नावावरून आतील चित्र कोणत्या पद्धतीने साठवले आहे हे कळत नाही. व्हीसीडीत एमपेग-1 ही जुनी पद्धत असते, तर 2017 च्या आयओएस 11 पासून आयफोन एचईव्हीसी ही नवी पद्धत वापरू शकतो, आणि ज्या प्लेअरकडे त्या त्या पद्धतीचा उलगडा करणारा कोडेक नाही तो गप्प बसतो. व्हीएलसी असे कोडेक स्वतःसोबतच आणतो. 1996 मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून तो घडला असून आजही तो मोफत व जाहिरातमुक्त आहे. 2022 मध्ये भारतात त्याचे संकेतस्थळ काही महिने बंद होते. ते आता उघडते, त्यामुळे दुसरीकडून उतरवून घेण्याचे कारण उरलेले नाही.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो बारीकसारीक सोयींचा. घाटावरच्या गोंगाटात वडिलांचा आवाज दबला होता, तो 125 टक्क्यांपर्यंत वाढवून शब्द लागले, अर्थात गोंगाटही तेवढाच वाढला. मराठी सबटायटल्सऐवजी अगम्य चिन्हे दिसत होती, ती सेटिंगमध्ये एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-8 केल्यावर वाचता आली, आणि ओळी संवादाच्या पुढेमागे पळत असतील तर ‘जी’ व ‘एच’ या कळांनी जागेवर येतात.

रहाडीचा व्हिडिओ मात्र फोर-के असल्याने माझ्या 2014 च्या लॅपटॉपवर अडखळत चालतो. त्यातील ग्राफिक्स चिपला एचईव्हीसीचा भार उचलता येत नाही आणि सगळे काम प्रोसेसरवर पडते. इथे प्लेअर बदलून फारसे काही साधणार नाही. गाण्यांचा मोठा संग्रह नीट लावून ठेवण्यासाठीही व्हीएलसी मला सोयीचा वाटत नाही, त्याचा चेहरामोहराच त्या कामाचा नाही. म्हणून राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून मी फक्त व्हिडिओच्या फायली त्याच्याकडे कायमच्या सोपवल्या आणि एमपी3 जुन्याच प्लेअरकडे राहू दिल्या.

एका प्रकारच्या फाइलचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करण्याची सोयही त्यात आहे, मात्र तिची खिडकी नवख्याला गोंधळात पाडणारी आहे. दोन वेळा आवाजाविना फाइल तयार झाल्यावर तिसऱ्या खेपेस जमले, आणि रामकुंडाची एमपी4 पंचवटीतल्या आत्याच्या मोबाइलवर पोहोचली.