सोया दूध: आधी मिक्सर की आधी कुकर?

घरी सोया दूध करायला वेगळं मशीन लागत नाही, मिक्सर आणि कुकर बास. प्रश्न एवढाच की आधी काय.

पहिली पद्धत, एक वाटी सोयाबीन रात्रभर भिजवायचं, सालं चोळून काढायची, सहा-सात वाट्या पाण्यात कच्चंच वाटायचं, फडक्यातून पिळायचं आणि मग ते दूध उकळायचं. दूध दाट, भरपूर निघतं. पण तो उग्र कच्चट वास! दाणा थंड पाण्यात फुटला की त्यातलं एन्झाइम तेलावर काम करतं आणि वास तयार होतो, म्हणून मी आता वाटताना कडकडीत गरम पाणी घालते, बराच फरक पडतो (भांडं अर्धंच भरा, नाहीतर झाकण उडतं). उकळताना गॅससमोरून हलायचं नाही, फेस इतका पटकन वर येतो की वाटतं उकळलं, पण ते उकळलेलं नसतं. फेस बसल्यावर मंद आचेवर १५ मिनिटं तरी हवीच, कच्चं सोयाबीन पोटाला बाधतं.

दुसरीत भिजवलेले दाणे आधी कुकरला, चार शिट्ट्या, चमचाभर तेल घालून म्हणजे फेसाने शिट्टी चोंदत नाही. मग वाटून गाळायचं. वास जवळजवळ नाही, उतू जायची कटकट नाही, पण दूध पातळ, कारण शिजलेल्या दाण्यातलं प्रोटीन पाण्यात नीट उतरत नाही, बरंचसं चोथ्यातच राहतं. चोथा थालीपिठात छान लागतो म्हणा.

पनीरसारखं टोफू करायचं तर पहिलीच. नुसतं प्यायला, तेही मुलांना, तर मी कुकरच लावते.