खायच्या फुलांचं किट घेतलं, त्याचा रिव्ह्यू (पुणे, गॅलरीतली बाग)

ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, बी चांगलंय, बाकी खोक्याला पैसे देऊ नका. आता सविस्तर.

किट ऑनलाइन मागवलं, साडेआठशे रुपये, डिलिव्हरी वेगळी. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण असली बरीच किटं आता मिळतायत आणि फोटो बघितले तर आतलं सामान साधारण सगळ्यांचं सारखंच दिसतं. आमच्याकडे पूर्वेची गॅलरी आहे, सकाळचं ऊन बारापर्यंत छान येतं, त्यामुळे ऊन कमी पडलं म्हणून झाडं आली नाहीत असं म्हणायला जागा नाही.

आत सहा पाकिटं बी (नॅस्टर्शियम, कॅलेंडुला, व्हायोला, बोरेज, कॉर्नफ्लॉवर आणि आपला गोकर्ण), कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) दाबलेल्या चकत्या, काथ्याचे छोटे छोटे कप, ग्रोथ बूस्टर नावाची एक पुडी, एक स्प्रे बाटली आणि एक रंगीत पुस्तिका. खोका इतका देखणा आहे की गिफ्ट द्यायला हरकत नाही, फोटो भारी येतात. पण पुस्तिका उघडली आणि पहिल्याच पानावर लिहिलंय की शेवटचं हिम पडून गेल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये बी पेरा. पुण्यात! कुठल्यातरी थंड देशातलं जसंच्या तसं उचललंय हे उघड आहे. आपल्याकडे मार्चमध्ये नॅस्टर्शियम किंवा व्हायोला पेरलं तर ते फुलायच्या आधी एप्रिलचं ऊन त्याचा निकाल लावतं. ही सगळी थंडीची झाडं, आपल्याकडे ऑक्टोबरचं ऊन उतरलं की पेरायची, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत फुलं मिळतात. फेब्रुवारी-मार्च फक्त गोकर्णाला लागू पडतो, तोही योगायोगाने, कारण त्याला उष्णताच लागते. म्हणजे एकाच खोक्यात दोन वेगवेगळ्या हंगामांचं बी घातलंय आणि ते कुठेच सांगितलेलं नाही.

नॅस्टर्शियमला मात्र पूर्ण मार्क. बी वाटाण्याएवढं मोठं असतं, लहान मुलांनाही लावता येतं, रात्रभर भिजवून थेट मोठ्या कुंडीत खोचायचं. थेट म्हणतेय कारण याला मुळं हलवलेली आवडत नाहीत, आणि कंपनी सांगते काय तर आधी त्या चिमुकल्या कपात रुजवा मग कप काढून दुसरीकडे लावा. बोरेजचंही तेच, त्याचं सोटमूळ लांब जातं, कपात गुंडाळलं की झाड खुरटतं. पुढची गंमत म्हणजे बूस्टरची पुडी, तिच्यावर एनपीके 19:19:19 छापलंय, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं खत. नॅस्टर्शियमला जितकं खायला घालाल तितकी नुसती पानं येतात, फुलं नाहीत. त्याला हलकी, जरा उपाशी मातीच आवडते. मी एका कुंडीत पुडी घातली आणि शेजारच्या कुंडीत नुसती माती आणि थोडी वाळू ठेवली, तर उपाशी कुंडी केशरी फुलांनी भरली आणि खाऊनपिऊन सुखी असलेली कुंडी अळूसारखी पानं काढत बसली. पानंसुद्धा खाता येतात म्हणून तक्रार नाही, पण किटच्या नावात फुलं आहेत ना?

चव सांगायची तर कच्च्या मुळ्याच्या पाल्याच्या जवळची, आधी किंचित गोड आणि मग नाकात जाणारी झणझणीत. सासूबाईंनी एक पाकळी चावून बघितली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर हळिवाच्या कोवळ्या पानांसारखं लागतंय, यात मध कशाला घालताय?" अहो आई, मी नाही घालत, पुस्तिकेत लिहिलंय! पुस्तिकेतल्या रेसिपी म्हणजे कपकेक, पॅनाकोटा (क्रीमचं इटालियन पुडिंग) आणि फुलं घालून बर्फ. आमच्याकडे ते खमंग काकडीत गेलं. दाण्याचं कूट, खोबरं, लिंबू, वरून तूप-जिऱ्याची फोडणी, ती जरा निवली की मग फुलं हाताने फाडून टाकायची, गरम फोडणीत टाकली की मान टाकतात आणि चवही जाते. मिरची निम्मी केली तरी चालते. फुलं गळल्यावर जे हिरवं बी धरतं ते व्हिनेगर-मिठात घालून ठेवलं तर मस्त लोणचं होतं, पण बी करकरीत हिरवं असतानाच तोडायला हवं, नंतर ते जून होतं.

नॅस्टर्शियमला मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) मात्र फार येतो, पानं उलटी करून बघत जा. पाण्याचा जोरात फवारा मारला की बराचसा निघतो. किटमध्ये कीड या विषयावर एक ओळ नाही. खायच्या फुलांच्या बाबतीत हीच तर सगळ्यात मोठी गोष्ट आहे, कारण भाजी आपण धुऊन शिजवून खातो आणि पाकळ्या कच्च्याच तोंडात जातात. फुलवाल्याकडची फुलं किंवा नर्सरीतून फुललेलं आणलेलं झाड खाऊ नये ते याचसाठी, त्यावर काय मारलंय ते आपल्याला कोण सांगणार. आणि इथे तर किटमधलं कॅलेंडुलाचं बी चक्क गुलाबी रंगाचं निघालं, म्हणजे त्यावर बहुधा बुरशीनाशकाचा लेप आहे. शेतीच्या बियाण्याला तसा लेप सर्रास असतो आणि त्यातून पुढे आलेलं फूल म्हणजे विष असं माझं म्हणणं नाही, पण पाकिटावर मुलांनी मातीत बी पेरतानाचा फोटो छापायचा आणि लेपाबद्दल गप्प बसायचं हे बरोबर नाही. कस्टमर केअरला विचारलं तर "मॅम, आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के नॅचरल आहे" एवढंच उत्तर आलं. बरं.

कॅलेंडुला उगवलं छान. पाकळ्या ओढून काढायच्या, मधला भाग टाकायचा, तो कडू असतो. पाकळ्या भातावर किंवा शिऱ्यावर केशरासारख्या दिसतात, चव केशराच्या जवळपासही नाही, कोणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ज्यांना परागकणांची किंवा शेवंती-झेंडूच्या जातीची ॲलर्जी आहे त्यांनी हे टाळावं, आणि बाकीच्यांनीही कुठलंही नवं फूल पहिल्यांदा दोन-चार पाकळ्याच खाऊन बघाव्यात. कॉर्नफ्लॉवर दिसायला निळंशार, चवीला कागद. बोरेजची निळी चांदणी काकडीसारखी लागते, ताकात मजा येते, पण रोज वाटीभर खायची वस्तू नाही ती, त्या झाडात यकृताला त्रास देणारी द्रव्यं असतात, कधीतरी चार फुलं ठीक.

व्हायोला उगवलंच नाही. त्याचं बी खसखशीएवढं, अंधारात आणि गारव्यात रुजतं, ऑक्टोबरच्या उकाड्यात ते जमणं कठीण. नव्या माणसाला पहिल्याच किटमध्ये हे बी देणं म्हणजे निराश व्हायची सोय करून ठेवलीय.

गोकर्णासाठी खरं तर किटची गरजच नव्हती, कुठल्याही सोसायटीच्या कुंपणावर त्याच्या शेंगा वाळलेल्या मिळतात. बी टणक असतं, सँडपेपरवर हलकं घासून रात्रभर भिजवलं की पटकन रुजतं, वेल चढायला दोरी बांधा, झालं. फुलाला स्वतःची चव जवळजवळ नाही, सगळा खेळ रंगाचा. गरम पाण्यात फुलं टाकली की निळं पाणी, लिंबू पिळलं की जांभळं-गुलाबी, घरातल्या पोरांना हे दहा वेळा करून दाखवावं लागतं. मलेशियात याच फुलाच्या पाण्यात भात निळा करतात, नासी केराबू म्हणतात त्याला. मी उकडीच्या मोदकांना लावलं, उकडीचं पाणी फुलं घालून उकळलं, गाळलं आणि त्यात पिठी घातली, मोदक फिकट निळे आले. चव तीच आपली नेहमीची. पाहुण्यांपैकी निम्म्यांनी फोटो काढले आणि निम्म्यांनी पांढरे आहेत का विचारलं!

आता माझी खरी तक्रार. आपल्याकडे फुलं खायची पद्धत काय कमी आहे? हादग्याच्या फुलांची भाजी, शेवग्याच्या फुलांची पीठ पेरून केलेली भाजी, केळफूल, कोकणात पावसाळ्यात भारंगीची फुलं, गावठी गुलाबाचा गुलकंद, जास्वंदीचं सरबत. हादगा-शेवगा गॅलरीत येणार नाहीत हे मान्य, केळफूल मंडईतूनच आणावं लागणार, पण जास्वंद, गावठी गुलाब आणि लाल भोपळा कुंडीत येतो की. भोपळ्याला मोठा ड्रम आणि भरपूर शेणखत द्या, वेल ग्रिलवर सोडा. भजीसाठी नराची फुलं तोडायची, ती लांब बारीक देठावर असतात, मादीच्या फुलाखाली इवलासा भोपळा दिसतो, तिला हात लावायचा नाही. सगळे नरही तोडू नका, फळ धरायला थोडे राहू देत. भल्या सकाळी उमलल्या उमलल्या तोडा, नंतर मिटतात आणि आत मुंग्या बसतात. आतला पिवळा दांडा काढायचा, बेसनात थोडी तांदळाची पिठी आणि ओवा घालून पातळसर भिजवायचं आणि मध्यम आचेवर सोडायची. साडेआठशेच्या किटमधलं एकही फूल या भजीच्या जवळ येत नाही, आणि भोपळ्याचं बी भाजी चिरताना फुकट मिळतं.

अजून एक, पुस्तिकेत काय खाऊ नये याची यादी कुठेही नाही. खायच्या फुलांचं किट विकताना ही यादी पहिल्या पानावर हवी. कण्हेर, धोतरा, घाणेरी, सदाफुली, ॲडेनियम ही सगळी गॅलरीत किंवा आजूबाजूला असतात आणि सगळी विषारी आहेत. थंडीत नर्सरीत मिळणारा स्वीट पीसुद्धा खायचा नाही, नाव वाटाण्याचं असलं तरी. घरात लहान मूल असेल आणि त्याला तुम्ही आज फूल खायला शिकवत असाल तर उद्या ते तुम्हाला विचारून तोडेलच असं नाही.

पाचपैकी अडीच स्टार, तेही नॅस्टर्शियममुळे. गिफ्ट द्यायचं असेल तर द्या, सोबत एका कागदावर पेरायचे महिने लिहून द्या. स्वतःसाठी हवं असेल तर बियाण्याच्या दुकानातून नॅस्टर्शियमचं एक पाकीट घ्या, लेप नसलेलं मागा, एक्स्पायरी बघा आणि उन्हाळ्यात मागवलंत तर हवाबंद डब्यात घालून ऑक्टोबरपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा.