दोन जुन्या मरीना आणि दांडिया बाजारातले गॅरेज

टाटाने 2004 साली आणलेली इंडिगो मरीना ही स्टेशन वॅगन (मागे लांब डिकी असलेली गाडी) आता बनत नाही. इंजिनाचे आणि ब्रेकचे बरेचसे भाग टाटाच्याच इंडिका-इंडिगो गाड्यांसारखेच असल्यामुळे अजून मिळतात, पण डिकीचा वर उघडणारा दरवाजा आणि त्याची काच फक्त मरीनाचीच, म्हणून माझ्या मरीनाला तो दरवाजा बसवण्यासाठी मी बंद पडलेली दुसरी मरीना विकत घेतली आणि वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळच्या एका छोट्या गॅरेजात दोन्ही गाड्या नेल्या.

मिस्त्रींनी घाई केली नाही. दरवाजा उतरवण्याआधी त्यांनी बिजागरीभोवती खडूने खुणा केल्या, वायरिंगच्या प्रत्येक जोडावर चिकटपट्टी लावून क्रमांक लिहिले आणि बसवताना दोघांनी दरवाजा उचलून धरलेला असताना तिसऱ्याने सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवले. आज दोन्ही बाजूंची फट अगदी सारखी दिसते.

एक उणीव सांगायलाच हवी. जुनेच रबर पुन्हा लावल्याने पहिल्याच पावसात डिकीत पाणी शिरले. मी गाडी दाखवताच "भाऊ, हे तेव्हाच बदलायला हवं होतं," असे म्हणून त्यांनी मजुरी न घेता नवे रबर बसवून दिले. मागचा वायपर मात्र अजून अडखळतो, कारण दोन्ही गाड्यांच्या मोटर झिजलेल्या निघाल्या.