पिनियन योकसाठी दोन जबड्यांचा पुलर: घ्यावा असाच

गाडीच्या डिफरेन्शियलमधल्या पिनियनच्या (लहान दात्यांच्या चाकाच्या) दांड्यावर बसून ड्राइव्हशाफ्टला जोडणारा दोन कानांचा भाग म्हणजे योक. तो अडकला तर त्यावर हातोडा कधीच घालू नये. तो मार थेट पिनियनच्या बेअरिंगवर बसतो. हे काम पुलरचंच, म्हणजे स्क्रू फिरवून भाग ओढून काढणाऱ्या अवजाराचं. याचे जबडे पातळ आहेत, त्यामुळे योकच्या कानांमागे घट्ट बसतात. योक धरून ठेवणारा नट सोडण्याआधी नट, पिनियन आणि योक यांवर एका रेषेत खूण करा. स्प्लाइनवर (दांड्यावरच्या लांब खाचांवर) गंज सोडवणारं तेल टाका, पुलरचा स्क्रू ताणून थोडं थांबा. 'टक्' वाजलं की योक सुटला. एक खोट आहे: स्क्रूचं टोक फार टोकदार, पिनियनचे आटे बिघडू शकतात. मध्ये पितळेची जाड चकती ठेवाच.

योक आणि ड्राइव्हशाफ्ट यांना जोडणारा अधिक-चिन्हाच्या आकाराचा सांधा म्हणजे क्रॉस; नवा क्रॉस मात्र मोजूनच घ्या. १३१० आणि १३३० या दोन मापांच्या क्रॉसच्या टोकांवरच्या टोप्या सुमारे २७ मिमी व्यासाच्याच, म्हणून फसगत होते; लांबी मात्र अनुक्रमे ८१.८ आणि ९२.१ मिमी. दोन्ही बाजूंचे योक वेगवेगळ्या मापांचे असतील तर दोन्ही मापांचा जोडक्रॉस मिळतो.